पदवीस्तरावरील पर्यावरण अभ्यासक्रम आणि महाड-पोलादपूरचा जलेतिहास

सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात 22 नोव्हेंबर 1991 रोजी पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व स्तरांवर शिकविण्याचे निर्देश दिले. प्रत्यक्षात त्यास गती मिळण्यास एक तप लागले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम सिद्ध केला व त्याचे पाठ्यपुस्तक डॉ. एरक भरुचा यांनी लिहिले. एकूण 50 तासिकांपैकी नैसर्गिक संसाधनांस 8 व क्षेत्रकार्यास 5 तासिका देण्यात आल्या. वन, जल, खनिज, अन्न, ऊर्जा व भूमी हे सहा विषय 8 तासिकांत बसविणे म्हणजे त्यांची नामावली सांगण्यापलीकडे फारसे काही न करणे होय. या अभ्यासक्रमाचे मूल्यमापन सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या महाड व पोलादपूर तालुक्यांच्या संदर्भात करणे उद्बोधक ठरते.

जलसंसाधनाच्या घटकात 'पाण्यावरील संघर्ष' असा एक उपघटक आहे. वर्गात तो बहुधा कावेरी वा कृष्णेच्या आंतरराज्य तंट्यांनी भागविला जातो. महाडच्या विद्यार्थ्यास मात्र उदाहरणासाठी गावाबाहेर जावे लागत नाही. रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याविषयीचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट 1923 मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले; परंतु ठराव कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी डिसेंबरात स्पृश्य मंडळी दिवाणी न्यायालयात गेली. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची वहिवाट अनादी आहे, असा त्यांचा दावा होता. मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. अशी वहिवाट सिद्ध झालेली नव्हती. पाणी किती आहे या प्रश्नाइतकाच ते कोणाचे आहे हा प्रश्न संसाधनशास्त्राचा आहे. सामाजिक इतिहासाच्या तासिकेस हा सत्याग्रह सोपवून पर्यावरणाच्या तासिकेने हात झटकणे हे विषयविभागणीचे दूषण मानावे लागेल.

दुसरी विसंगती अधिक गंभीर आहे. भूस्खलन व पूर यांना आयोगाच्या अभ्यासक्रमात प्रदूषणाच्या घटकाच्या अखेरीस, आपत्ती व्यवस्थापन म्हणून, स्थान मिळाले. हा अभ्यासक्रम नुकताच लागू होत असताना 25 व 26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहण व कोंडिवते येथे डोंगर कोसळले आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. बेसाल्ट खडकावरील झिजलेल्या मातीचा जाड थर पाण्याने संपृक्त झाला की उतारावरील पकड सुटते. याचा प्रदूषणाशी संबंध नाही. संबंध आहे तो भूमी, उतार व वस्तीच्या जागेशी. 22 जुलै 2021 रोजी तळीये येथे ऐंशीहून अधिक जीव गेले. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडीवर दरडी कोसळल्या, तर सावित्री आणि गांधारीच्या पुराने महाड शहर बुडाले. महाबळेश्वरच्या माथ्यावर त्या सुमारास चोवीस तासांत सुमारे 600 मि.मी. पाऊस झाला होता आणि सावित्रीचा उगम तेथेच आहे. खाडीला भरती असताना पुराचे पाणी ओसरण्यास विलंब लागतो, हे तेथील जुन्या रहिवाशांस पाठ्यपुस्तकाविना ज्ञात आहे.

2011 मध्ये माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाच्या संवेदनशीलतेचा विचार तालुकानिहाय केला होता. महाविद्यालयाच्या क्षेत्रकार्यासही तालुका हे एकक सोयीचे आहे. अडचण ऋतूची आहे. नदी व डोंगर जेव्हा वाचता येतात त्या जुलै-ऑगस्टात विद्यार्थ्यांस बाहेर नेणे धोक्याचे, आणि हिवाळ्यात नेल्यास त्यांस कोरडा ओढा दाखवावा लागतो. 2023 मध्ये आयोगाने नव्या शैक्षणिक धोरणानुसार 4 श्रेयांकांचा आराखडा दिला. त्या चार श्रेयांकांत दासगावच्या उतारावरील भेगांची नोंद आणि चवदार तळ्याच्या खटल्याची कागदपत्रे एकाच प्रकल्पवहीत येऊ शकतात, त्यासाठी इतिहास व भूगोल विभागांना एक संयुक्त तासिका मात्र काढावी लागेल.