ई-सायकलसाठी मोटरचा टॉर्क किती हवा?

ई-सायकल घेताना किंवा जुन्या सायकलला मोटर बसवून घेताना केवळ वॉट पाहू नका. ओझे घेऊन चढ चढता येईल की नाही, हे टॉर्कवर ठरते. चाक फिरवणारा जोर म्हणजे टॉर्क. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात.

टॉर्क कसा काढावा?

१. एकूण वजन: स्वार ६० + सायकल व बॅटरी २५ + सामान १५ = १०० किलो.
२. चढासाठी जोर: १०० मीटर अंतरात रस्ता ५ मीटर वर जात असेल, तर चढ ०.०५. म्हणून १०० × ९.८ × ०.०५ = ४९ न्यूटन.
३. टायरच्या घर्षणासाठी जोर: डांबरी रस्त्यावर वजनाच्या सुमारे शंभराव्या भागाइतका, म्हणजे १० न्यूटन.
४. टॉर्क: एकूण जोर ५९ न्यूटन × चाकाची त्रिज्या. २६ इंची चाकाची त्रिज्या ०.३३ मीटर असते. म्हणून टॉर्क सुमारे २० न्यूटन-मीटर.

कमी वेगात वाऱ्याचा विरोध थोडा असतो, म्हणून तो येथे धरलेला नाही. कच्च्या रस्त्यावर घर्षण वाढते.

चढ दुप्पट असल्यास

चढ ०.१० असेल, तर सुमारे ३६ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. ताशी १२ किमी वेगाने चढायला सुमारे ३६० वॉट लागतील. ताशी ८ किमी वेगाने २४० वॉट पुरतात. म्हणजे मोठ्या मोटरची गरज नाही. वेग कमी ठेवा आणि पेडलही मारा. मात्र मोटर अडून थांबल्यास लगेच बंद करा, अन्यथा ती तापून जळू शकते.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटर २५० वॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत असेल, तसेच मान्यताप्राप्त संस्थेची मंजुरी असेल, तर ती सायकल मोटार वाहन मानली जात नाही. यापेक्षा मोठी मोटर बसवल्यास नोंदणी, विमा व वाहन परवाना आवश्यक ठरतो.

पैसे देण्यापूर्वी

• चाकावर मिळणारा कमाल टॉर्क माहितीपत्रकात लिहिलेला आहे का, ते पाहा. तो तुमच्या हिशेबापेक्षा थोडा जास्त असावा.
• मंजुरीचे प्रमाणपत्र मागा.
• नेहमीचे ओझे लादून, नेहमीच्या चढावर चालवून पाहा.