घर कोणी रिकामे करायचे? उंदीर, प्लेग आणि एका यादीचा इतिहास

१/१५
मेहरूणच्या आमच्या घरी परवा उंदीर नियंत्रणासाठी माणसे येणार आहेत. त्यांनी तयारीची यादी आधीच पाठवली आहे : ओट्याखालची कपाटे रिकामी करा, धान्य घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा, सामान भिंतीपासून हातभर पुढे ओढा. यादी ऐकून आजी म्हणाली, "माझ्या सासूच्या काळी उंदीर पडले की घरच सोडायचे." आजचा थ्रेड त्या वाक्याविषयी.

२/१५
'उंदीर पडणे' हा प्रयोग आपल्या पिढीला जवळजवळ अपरिचित आहे. आढ्यातून, माळ्यावरून मेलेले उंदीर टपाटप खाली पडू लागले की गावात प्लेग येणार, हे खेड्यापाड्यांत सर्वांना ठाऊक होते. मग लोक दाराला कुलूप लावून शेतात किंवा माळावर झोपड्या बांधून राहत. साथ ओसरली की परतत. कोणत्याही प्रयोगशाळेआधी सामान्य माणसाने उंदीर आणि प्लेग यांचा संबंध जोडला होता.

३/१५
आता १८९६ ची मुंबई पाहू. सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती. दाटीवाटीच्या चाळी, खाली पोत्यांच्या थप्प्या आणि त्यांत सुखाने नांदणारे उंदीर. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. परंतु तो माणसापर्यंत नेमका कसा पोहोचतो, हे अद्याप कोणालाच सिद्ध करता आले नव्हते.

४/१५
रोग घाणीत, ओलाव्यात आणि कोंदट हवेत वसतो, या समजुतीने सरकार कामाला लागले. मुंबईची गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक आम्लाने धुऊन काढण्यात आली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा संमत झाला. त्याने सरकारला घरात शिरण्याचे, माणसे हलवण्याचे आणि सामान नष्ट करण्याचे विलक्षण अधिकार दिले.

५/१५
पुण्यात हे अधिकार वॉल्टर चार्ल्स रँडच्या हाती आले. मार्च ते मे १८९७ या काळात लष्कराच्या तुकड्या घरोघर फिरल्या. स्वयंपाकघर आणि देवघरही त्यातून सुटले नाही. रोग्याला रुग्णालयात आणि घरच्यांना विलगीकरण छावणीत नेले जाई. मागे राहिलेल्या घराची जमीन खणत, भिंतींना चुना फासत, जंतुनाशके शिंपडत. अंथरुणे, कपडे जाळले जात. घर 'तयार' करण्याची हीही एक रीत होती, फक्त घरमालकाला कोणी विचारत नव्हते.

६/१५
पुढचे शाळेत शिकलेलेच आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. 'केसरी'तील लेखनाबद्दल टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात १८ महिन्यांची शिक्षा झाली. मार्च १८९८ मध्ये मुंबईतही दंगल उसळली. पण या साऱ्या कोलाहलात एक प्रश्न मागे राहतो : त्या घरांतल्या उंदरांचे काय झाले?

७/१५
बहुधा ते शेजारच्या घरात गेले. खणाखणी आणि उग्र वासाच्या औषधांनी उंदीर मरत नाही, तो जागा बदलतो. एका अर्थी सरकारने माणसाला घराबाहेर काढले आणि उंदराला गल्लीभर फिरायला मोकळे सोडले. सक्ती एवढी होऊनही साथ थांबली नाही. त्या साथीने पुढील काही दशकांत हिंदुस्थानात १ कोटीहून अधिक माणसे नेली.

८/१५
कोडे सुटायला सुरुवात झाली कराचीत. २ जून १८९८ रोजी फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमों याने एका मोठ्या काचपात्रात पिसवांनी भरलेला आजारी उंदीर ठेवला. जवळच जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा स्पर्श अशक्य होता. जाळीतून ये-जा करू शकत होत्या त्या फक्त पिसवा. पहिला उंदीर मेला आणि काही दिवसांनी दुसराही प्लेगने मेला.

९/१५
उंदीर मेला की त्याचे शरीर थंड पडते. पिसू त्याला सोडते आणि नवे ऊबदार अंग शोधते. जवळ उंदीर नसेल, तर माणूस. म्हणजे आढ्यातून पडलेला तो उंदीर एकटा पडत नव्हता. तरीही सरकारच्या प्लेग आयोगाने सिमोंचे म्हणणे मानले नाही. ज्या आयोगाला घरोघरी शिरलेली यंत्रणा हाताशी होती, त्याला घरातली पिसू दिसली नाही.

१०/१५
१९०५ पासून मुंबईत परळ येथे नव्या आयोगाने काळजीपूर्वक प्रयोग केले. प्लेग झालेल्या घरांत पिंजऱ्यांतून गिनीपिग ठेवले. काही पिंजऱ्यांभोवती चिकट कागद अंथरला, काही तसेच ठेवले. कागदाला पिसवा चिकटल्या आणि आतले प्राणी वाचले; उघड्या पिंजऱ्यांतील काही प्लेगने मेले. सिमों खरा ठरला.

११/१५
याच आयोगाने निरनिराळ्या छपरांच्या झोपड्याही बांधल्या : देशी कौलांच्या, मंगलोरी कौलांच्या आणि लोखंडी पत्र्याच्या. देशी कौलांत उंदरांनी बिऱ्हाड थाटले. खाली तारेची जाळी असल्याने उंदीर आत येत नसत, पिसवा मात्र झरत. तेव्हा कळले की प्रश्न 'घाणेरड्या लोकांचा' नव्हता. घराच्या बांधणीत उंदराला आसरा कुठे मिळतो आणि अन्न कुठे मिळते, हा होता.

१२/१५
आपल्या खानदेशाकडे वळू. धाब्याची घरे, धान्याच्या कणग्या, कापसाच्या गाठी आणि थेट मुंबईशी जोडणारा लोहमार्ग. उंदराला आणि पिसवेला आणखी काय हवे? जळगावात आलेल्या प्लेगने बहिणाबाई चौधरी यांचे पुत्र ओंकार यांना कायमचे अपंगत्व आले. ज्यांच्या ओव्या आपण घराघरांत म्हणतो, त्यांच्या घराचा उंबरठाही या रोगाने ओलांडला होता.

१३/१५
सप्टेंबर १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गाव आणि सुरत येथून प्लेगच्या बातम्या आल्या. सुरतेत खानदेशी कामगार मोठ्या संख्येने होते, आजही आहेत. शहर सोडणाऱ्यांनी भरलेल्या गाड्या ताप्ती मार्गाने धावल्या. पुढे १९९५ मध्ये आयुक्त एस. आर. राव आले आणि सुरतेने कचरा, गटारे, स्वच्छता यांची घडी नव्याने बसवली. तिथे बंदोबस्त झाला तो प्रामुख्याने उंदराच्या अन्नाचा आणि आसऱ्याचा.

१४/१५
आता आमच्या यादीकडे पुन्हा पाहा.
• धान्य बंद डब्यांत : अन्न तोडणे.
• सामान भिंतीपासून दूर : उंदीर भिंतीच्या कडेने धावतो, सापळे आणि आमिष तिथेच लावायचे असते.
• बिळे स्वतःहून आधी बुजवू नका : उंदीर आत अडकून मरतो.
• लेंड्या कोरड्या झाडू नका : जंतुनाशक शिंपडून ओल्या फडक्याने पुसा.
• मुले आणि पाळीव प्राणी आमिषापासून दूर ठेवा.
• मेलेल्या उंदराला उघड्या हाताने शिवू नका : कारण पोस्ट ९ मध्ये आहे.

१५/१५
ही यादी १८९७ मध्ये नव्हती. ज्ञान नव्हते म्हणून, आणि माणसांना कारण सांगावे असे सत्तेला वाटत नव्हते म्हणूनही. आमचे कपाट उद्या आम्हीच रिकामे करणार आहोत. आजीचे देवघर तीच आवरणार आहे, तिथे दुसऱ्या कोणाचा हात लागणार नाही. मला यात फार मोठा फरक दिसतो.

तुमच्या घरी पणजी-पणजोबांच्या प्लेगच्या आठवणी असतील, तर विचारून घ्या आणि खाली लिहा. कुठल्या माळावर झोपडी होती, घराची किल्ली कोणाकडे होती, परतल्यावर आधी काय केले. हा इतिहास दप्तरात फार थोडा सापडतो. तो घरांत आहे.