माळा (कोल्हापूरची घरे)

छपराखाली तुळयांवर फळ्यांची तक्तपोशी घालून केलेली जागा. कोल्हापूरच्या जुन्या पेठांतील घरांत ती धान्य आणि अडगळ ठेवायला वापरत. उन्हाळ्यात तिचे खरे काम खालची खोली थंड राखण्याचे.

एप्रिल-मेमध्ये येथे दुपारचा पारा ३५ अंशांवर जातो. तापलेले छप्पर खाली उष्णता फेकते. ती आधी तक्तपोशी अडवते, फळ्यांवर मातीचा थर असल्यास तिथेच रेंगाळते आणि माळ्यावरची गरम हवा कौलांच्या फटींतून निसटते. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला सुरू केलेल्या कारखान्यातून आलेल्या मंगलोरी कौलांनीही ही वाट मोकळी ठेवली.

माळा पाडून स्लॅब टाकला की हा बचाव जातो, आणि हे नुकसान फार कमी लोक हिशेबात धरतात. काँक्रीट दिवसभर तापून नेमके झोपेच्या वेळी उष्णता सोडते. पत्रा लगेच तापतो, पण लवकर निवतोही.

गच्चीला पांढरा चुना हा सर्वांत स्वस्त उपाय. पाच सेंटिमीटर थर्मोकोल उष्णता रोखण्यात सुमारे दोन मीटर काँक्रीटच्या तोडीचा असतो; मात्र तो पेट घेतो, म्हणून उघडा ठेवत नाहीत. स्लॅबच्या वरून बसवलेला रोधक थर अधिक उपयोगी, कारण मग स्लॅबच तापत नाही.