पलाऊचा ‘बुल’: मासेमारीबंदीची लोकपरंपरा

पश्चिम प्रशांत महासागरातील पलाऊ या सुमारे १८,००० लोकवस्तीच्या द्वीपराष्ट्रात ‘बुल’ ही समुद्ररक्षणाची जुनी प्रथा आहे. तीनुसार पारंपरिक प्रमुखांची परिषद ठरावीक सागरी क्षेत्रातील मासेमारी काही काळ बंद करते. हेकरूसारखे मासे विणीच्या हंगामात चंद्रकलेनुसार प्रवाळभित्तींमधील जलमार्गांत थव्याने येतात. नेमकी तेव्हाच मासेमारी झाली, तर पुढची पैदासच खुंटते. म्हणून १९९४ मध्ये न्गार्चेलोंग व कायांगेल येथील प्रमुखांनी अशा आठ जलमार्गांवर बुल लागू केला. अशा बंदीची पहिली झळ स्थानिक मच्छीमारांनाच बसते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पुढे २००३ च्या कायद्याने संरक्षित क्षेत्रांचे राष्ट्रीय जाळे उभे राहिले आणि परदेशी पर्यटकांकडून २००९ पासून आकारलेल्या हरित शुल्काचा निधी त्यास मिळू लागला. १ जानेवारी २०२० पासून अनन्य आर्थिक क्षेत्राच्या ८० टक्के भागात व्यावसायिक मासेमारी बंद झाली. गावाचा नियम देशाचा झाला खरा. मात्र परदेशी नौकांकडून मिळणाऱ्या परवाना-शुल्कावर किती पाणी सोडावे, हा वाद पलाऊत अद्याप मिटलेला नाही.