बिनटोपीचा मनोरा

आयर्लंडमधील ग्लेंडालॉकच्या मनोऱ्याचे जुने कोरीव छापचित्र हाती आले, तर प्रथम त्याचा माथा पाहावा. तेथे शंकूच्या आकाराची दगडी टोपी नसेल, तर चित्रातील मनोरा १८७६ पूर्वीचा आहे असे खुशाल समजावे. त्या वर्षी टोपी पुन्हा बांधली गेली, आणि तीही मनोऱ्याच्या पोटात सापडलेल्या मूळच्याच दगडांनी.

डब्लिनच्या दक्षिणेस विकलोच्या डोंगरांत हे स्थान आहे. नावाचा अर्थ 'दोन सरोवरांचे खोरे'. सहाव्या शतकात संत केविन यांनी येथे मठ स्थापिला. मनोरा त्यानंतर काही शतकांनी उभा राहिला. त्याची उंची सुमारे ३० मीटर. आपल्याकडील देवळापुढची दीपमाळ आठवावी, मात्र हा आतून पोकळ. पूर्वी आत लाकडी मजले होते व शिडीने वर चढावे लागे. सर्वांत वरच्या मजल्याला चार दिशांना चार खिडक्या आहेत. दरवाजा जमिनीपासून साडेतीन मीटर वर! या दरवाजाने विद्वानांना फार छळले.

कोणी म्हणे हे मनोरे डेन लोकांनी बांधले, कोणी म्हणे ही प्राचीन अग्निपूजकांची मंदिरे. हेन्री ओब्रायन याने तर १८३४ च्या आपल्या ग्रंथात त्यांचा संबंध थेट बौद्ध धर्माशी जोडला. म्हणजे आपला देशही या वादात ओढला गेला. पौर्वात्य गूढतेचे त्या काळी युरोपात जे वेड होते, त्याचाच हा प्रसाद.

वाद मिटविला जॉर्ज पेट्री यांनी. प्रवासवर्णनांच्या पुस्तकांतील छापचित्रांसाठी मूळ चित्रे काढून देणारा हा चित्रकार. भग्नावशेषांपुढे बसून रेखाटता रेखाटता तो संशोधक झाला, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. १८३३ मध्ये रॉयल आयरिश अकादमीने त्यांच्या निबंधास सुवर्णपदक दिले. विस्तारित ग्रंथ १८४५ मध्ये निघाला. मनोरे ख्रिस्ती मठांचेच, घंटेसाठी आणि संकटकाळी आसऱ्यासाठी बांधलेले, असे त्यांनी साधार दाखविले. आयरिश भाषेतील मनोऱ्याच्या जुन्या नावाचा अर्थच मुळी 'घंटाघर' असा आहे. जुन्या बखरींत स्लेन येथील घंटाघर इ. स. ९५० मध्ये परकीयांनी माणसांसह जाळल्याची नोंद आहे. मोनास्टरबॉइसचे १०९७ मध्ये ग्रंथांसह जळाले. उंच दार शत्रूला अडवी खरे, पण लाकडी मजल्यांनी एकदा पेट घेतला की मनोऱ्याचे धुराडे होई. आमचे आयुष्य सरकारी दप्तरांत गेले; नोंद समोर असताना तर्काचे इमले रचणारे लोक आम्हांस नवे नाहीत.

छापचित्रे मात्र सरसकट विश्वासार्ह नव्हेत. गिऱ्हाइकाला रम्य देखावा हवा असे. म्हणून मागचा डोंगर उंच होई, पायथ्याशी इवलीशी माणसे उभी केली जात, आणि मनोरा वाजवीपेक्षा भव्य दिसे. पुढे ताम्रपत्रावर कोरणाऱ्याने कलाकाराची प्रत्येक रेघ जशीच्या तशी उतरविली असेल, याचीही खात्री नसे.

तरीही अशा चित्रांवाचून काय गमावले असते, ते ग्लेंडालॉकमध्येच कळते. मनोऱ्याजवळ एक लहानशी वास्तू आहे. पुढील काळात तेथे धर्मगुरूंना पुरीत, म्हणून तिला धर्मगुरूंचे घर म्हणतात. हॉलंडमध्ये जन्मलेल्या गॅब्रिएल बेरांजे या चित्रकाराने १७७९ मध्ये तिचे रेखाटन केले. पुढे ती ढासळली. १८७० च्या दशकात दुरुस्ती निघाली, तेव्हा विखुरलेले दगड त्याच रेखाटनाच्या आधाराने पुन्हा रचले गेले. दारावरील कोरीव शिळेचा आज काही भागच शिल्लक आहे. बेरांजेच्या कागदावर ती अधिक पूर्ण दिसते.