कोळशाच्या खाणीतला शंख

आपल्या एका गटातल्या ताईंचा जावई वणीकडे कोळशाच्या खाणीत कामाला आहे. खाणीबाहेरच्या मातीच्या ढिगाऱ्यात त्याला दगडाचा एक शंख मिळाला. ताईंनी तो बैठकीत आणला. कोणी म्हणालं शाळिग्राम, कोणी म्हणालं नुसती गारगोटी. ताईंचा प्रश्न मात्र नेमका होता: हा कोळशाएवढा जुना का?

तर नाही. आपल्या वीटभट्टीवर येतो तो दगडी कोळसा जुन्या दलदलीतल्या झाडांचा. वर्धा नदीच्या खोऱ्यातला कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना आहे. त्याच्यावर वाळूचे दगड साचले, त्यावर चिकणमातीचे थर, आणि सगळ्यात वर लाव्हाचा काळा दगड. उतरंडच म्हणा ना. कोळसा तळाच्या मडक्यात आणि गोड्या पाण्यातले हे शंख वरच्या मडक्यांत. उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोचायला वरचं सगळं खणून बाजूला टाकतात. ढिगाऱ्यात वरचं नि खालचं एक होतं, आणि बघणाऱ्याला वाटतं, शंख कोळशातूनच निघाला.

हे शंख ओळखले कोणी? नागपूरला स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर असे दोन स्कॉटिश मिशनरी होते. १८५१ मध्ये गावाबाहेर टाकळीजवळ त्यांना दगडात रुतलेले शंख दिसले. लाव्हाच्या दोन थरांच्या मधे, गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे. बायांनो, ही साधी गोष्ट नाही. लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पाऊस पडून तळी भरली, तळ्यात गोगलगायी चरल्या, आणि पुन्हा वरून लाव्हा आला. म्हणजे मधे उसंत होती, चांगली लांब उसंत. हे आपल्याला गोगलगायीने सांगितलं.

त्यांतला सर्वांत ओळखीचा शंख म्हणजे फायसा प्रिन्सेपी. हे नाव हिस्लॉपच्या आधीचं आहे. माल्कमसन नावाच्या लष्करी डॉक्टरने निर्मळच्या डोंगरांतून शंख गोळा केले होते, आणि १८४० मध्ये सोवर्बी यांनी या शंखाचं वर्णन करून नाव दिलं.

आता ओळखायचा कसा? शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरा. बहुतेक गोगलगायींचं तोंड उजव्या हाताला येतं. फायसाचं डाव्या हाताला. देवघरातला दक्षिणावर्ती शंख आठवा. पूजेत आपण टोक खाली धरतो म्हणून त्याला उजवा म्हणतो, पण पीळ तोच. समुद्राच्या शंखांत हा पीळ इतका दुर्मीळ की लोक त्यासाठी वाटेल ते पैसे मोजतात (आणि फसतातही). फायसाच्या कुळात मात्र सगळेच तसे. आजच्या फायसा नखाएवढ्या असतात. ही जुनी काही वेळा दोन इंचांपर्यंत वाढायची.

शाळिग्राम निराळा. गंडकी नदीतला तो गोल पीळ समुद्रातल्या प्राण्याचा, माकुळाच्या लांबच्या भावकीतला. त्याच्या घरात आडव्या भिंती घालून खोल्या केलेल्या असतात. गोगलगायीचं घर एकच लांब खोली.

वय ठरवताना मात्र मोठी माणसंही चकली. युरोपातले शंख शेजारी ठेवून हिस्लॉपने १८६० मध्ये लिहिलं, हे डायनासोरांच्या नंतरचे. पण वरोऱ्याजवळ (बाबा आमट्यांचं आनंदवन आहे तेच वरोरा) पिसदुरा गावाच्या शेतांत डायनासोरची हाडं मिळतात, आणि फायसाचे शंखही तिथलेच. तिथे डायनासोरची दगड झालेली विष्ठाही मिळते. तिच्यात गवताचे बारीक अंश असल्याचं २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. त्यात भाताच्या कुळाचे दूरचे नातेवाईकही होते. आज लाव्हाचं वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं धरतात. गोगलगाय त्याच सुमाराची, आणि कोळशाहून जवळपास वीस कोटी वर्षांनी धाकटी.

म्हणून आमचं सांगणं असं, की शंख मिळाला तर घासूनपुसून चकचकीत करू नका. त्याला चिकटलेला दगड हाच त्याचा जन्मदाखला. खाणीचं नाव, गाव आणि कोणत्या थरातून निघाला ते तिथल्या तिथे कागदावर लिहून शंखासोबत बांधून ठेवा. ढिगाऱ्यातला असेल तर 'ढिगारा' असंच लिहा, अंदाजाने 'कोळसा' लिहू नका. नागपूरला सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, तिथे विचारता येतं.

आपल्या भिवंडीत कोळसा नाही, पण खडीच्या खाणी आहेत आणि दगड त्याच लाव्हाचा. इकडे थरावर थर जाड चढले, मधली तळी क्वचित सापडतात. तरी मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच मधल्या थरात छोटे बेडूक मिळाले, त्यांचं वर्णन १८४७ मध्ये झालं. कासवही मिळालं. तेव्हा दोन काळ्या थरांच्या मधे फिकट, पापुद्र्यासारखा सुटणारा पट्टा दिसला, तर सुरुंग लागण्याआधी, मुकादमाला विचारूनच, एकदा बघून घ्या.