राजकन्येची गोष्ट आणि आपली

मी कसबा बावड्यातून बोलतेय. एरवी मी हप्ता, व्याज आणि कर्जफेडीचं बोलते. आज माझ्या आवडीच्या कादंबऱ्यांविषयी बोलणार आहे. राजकन्या, घोर जंगलं, शाप आणि उःशाप असलेल्या. अशी पुस्तकं म्हणजे रिकामा वेळ घालवणं, असं पुष्कळ जणी म्हणतात. पण त्यांच्या इतिहासात आपल्या कामाचं काहीतरी आहे.

१८५७ साली बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली. तिच्यात विधवांचे हाल होते, म्हणजे खऱ्या घरातलं दुःख. पण त्यानंतरच्या लेखकांनी वेगळी वाट धरली. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. दोन्ही अद्भुतरम्य.

रिसबुडांनी प्रस्तावनेत याचं कारणही दिलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आपल्या लग्नाच्या चालीरीतींमुळे आपल्या आयुष्यात मन रमेल असं काही घडतच नाही. रोजचं लिहिलं तर गोडी येत नाही, म्हणून अद्भुताकडे वळावं लागतं.

मला हे पटतंही आणि टोचतंही. आठ-दहा वर्षांच्या पोरीचं लग्न व्हायचं, तिला कोण विचारणार? मनासारखा नवरा निवडायचा तर ती राजकन्याच हवी! पण त्या पोरीच्या मनात काहीच घडत नव्हतं का?

याचं उत्तर हरिभाऊ आपट्यांनी दिलं. १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिकात त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली. तिच्यातली यमू माहेर, सासर, वैधव्य, केशवपन हे सगळं स्वतःच्या तोंडानं सांगते. राक्षस नाही, जादू नाही, तरी पुस्तक खाली ठेववत नाही.

पुस्तकं होती, पण वाचायला किती जणींना येत होतं? कोल्हापुरात १८५० सालीच वाचनालय निघालं, तेच आजचं करवीर नगर वाचन मंदिर. पण अक्षरओळख गरिबाच्या पोरीपर्यंत जायला वेळ लागला. १८७४ साली आपल्या बावड्यातल्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये जन्मलेल्या शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याचा हुकूम काढला. आज आपण सही करतो, त्यामागे असे हुकूम आहेत.

माझी सगळ्यात लाडकी कादंबरी कोल्हापुरात राहिलेल्या वि. स. खांडेकरांची, १९५९ सालची ‘ययाती’. शापानं म्हातारा झालेला राजा मुलाकडे तारुण्य मागतो. गोष्ट पुराणातली, अद्भुत. पण तिथं देवयानी स्वतः बोलते आणि राजकन्येची दासी झालेली शर्मिष्ठाही स्वतः बोलते. शर्मिष्ठा बोलू लागली की मी राजाला विसरते. अद्भुत गोष्ट आणि बाईचा स्वतःचा आवाज, दोन्ही मला तिथं एकत्र सापडलं.

बैठकीत जुन्या आठवणी विचारल्या की बायका म्हणतात, “आमच्यात काय हाय सांगण्यासारखं?” दीडशे वर्षांपूर्वी रिसबुडांनाही तसंच वाटलं होतं. यमूनं ते खोटं ठरवलं.

तेव्हा राजकन्यांच्या गोष्टी हौसेनं वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. आणि पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की वही मिटून एकीनं आपली गोष्ट सांगा. बाकीच्यांनी मध्ये न बोलता ऐका.